अकरा वाजताची वेळ

मेहकर, गुरुवार

वंदना,

बुकिंगच्या वहीत अकरापुढे ‘कु. वंदना किसनराव, अमडापूर’ हे तुझं माहेरचं नाव वाचूनही मी तुझं अक्षर ओळखलं नाही. कुण्या मुलीला स्थळासाठी फोटो हवा असेल म्हणून निळा पडदा लावला, डोळ्यांखालची सावली जावी म्हणून डावा लाइट दोन बोटं खाली घेतला. हे मला कोणी शिकवलेलं नाही.

तू आत आलीस. मी म्हणालो, "सरक, गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

"गिऱ्हाईक मीच. फोटो नको. अर्धा घंटा माह्यासंगं बोला." तू स्टुलावर बसलीस. "आपली राखी कितवीत हाये?"

"नववीत."

"दहावीत. चार महिने झाले."

मला माफी मागायची होती. पण दिवसाला चाळीस चेहरे सरळ करणाऱ्या तोंडातून निघालं, "हनुवटी खाली घे."

त्यानंतर तू राखीला घेऊन माहेरी गेलीस. सोमवारी दिवाळीची सुट्टी संपते. परत येशील की तिचा दाखला तिकडे नेशील, हे विचारायला फोन करत नाही. फोनवरही सूचनाच देईन अशी भीती वाटते.

काल स्टुडिओ बंद करून निघालो. चिखलीत अमडापूरची बस लागलेली होती. तुझ्या दारात पहिलं वाक्य काय बोलायचं, ते तिथवर जमलं नव्हतं. बस सुटेपर्यंत उभा राहिलो आणि मेहकरला परतलो.

तुझा,
भागवत