मनकवड्यातली खारूताई

३ जून

आज ऑफिसात केक कापला. मनकवड्याने म्हणे या महिन्यात विक्रमी संख्येने माणसं ओळखली. "आपलं मशीन आता माणसांपेक्षा शहाणं झालंय," इति साहेब. टाळ्या. मीही वाजवल्या — नोकरी आहे.

शहाणं कसलं डोंबलाचं! तुम्ही मनात एखादा माणूस धरायचा. मनकवडा विचारणार — बाई आहे का? जिवंत आहे का? गाते का? तुम्ही हो, नाही, नाहीतर माहीत नाही यांतलं एक बटण दाबायचं. प्रत्येक उत्तराला निम्मी माणसं गळतात. शेवटी उरलेल्यांतला एक जण तुमच्या तोंडावर फेकायचा, की झाला खेळ. हरला तर गरीब चेहरा करून विचारतो — कोण होतं मनात? आणि मी काय विचारलं असतं म्हणजे ओळखता आलं असतं? लोक बिचारे फुकटात शिकवून जातात. तेच उद्या दुसऱ्याला ऐकवून हे महाशय मनकवडे!

सुरुवातीचे सगळे प्रश्न मी लिहिले होते. कुठला आधी, कुठला नंतर, कोणत्या उत्तरावरून काय धरायचं — सगळे नियम माझे. आता खेळणारेच प्रश्न देतात, म्हणून मला साफसफाईला बसवलंय. खेळ नामवंत माणसांचा आहे, आणि लोक घालतात "आमचा घरमालक", "तिसऱ्या मजल्यावरचा खडूस". असली खासगी माणसं शोधायची आणि काढून टाकायची.

केकही कोरडा होता.

४ जून

पाठ धरली आहे. आज बरेच गणिताचे मास्तर आणि एक सासू. सासूसाठी शिकवलेला प्रश्न — "ती झोपेतही ऐकते का?" हसले. काढून टाकली.

९ जून

आज यादीत "खारूताई" आली.

आधी वाटलं, कुणा मुलाने गोष्टीतली खार घातली असेल. पण उत्तरं पाहिली. माणूस आहे का — हो. बाई आहे का — हो. नात्यातली आहे का — हो. आणि मनकवड्याला शिकवलेला प्रश्न — "चिडली की भांडी घासायला घेते का?"

मी खुर्चीत ताठ बसले. चिडले की भांडी घासते ती मीच. लहानपणी घास गालात धरून बसायचे म्हणून दादाने मला खारूताई केलं. हे नाव जगात तिघांनाच माहीत — दादा, बाबा आणि मी. आई होती तेव्हा चौघांना. बाबांना फोन उचलण्यापलीकडे काही येत नाही. म्हणजे दादा.

वर्ष उलटून गेलं आमचं बोलणं तुटून. त्याने बाबांचं किल्ल्या बनवायचं दुकान एका आठवड्यात बंद केलं आणि बाबांना आपल्या घरी नेलं. कारण काय, तर "बाबांचा हात चुकायला लागलाय." ज्या हाताने अर्ध्या शहराची कुलपं उघडली तो हात! मी म्हटलं, माझ्याकडे आणते त्यांना. तर म्हणाला, "तुझ्याकडे दोन खोल्या. एकीत तू, दुसरीत तुझा राग. बाबा कुठे राहणार?" तेव्हापासून त्या घराची पायरी चढले नाही. फोन केला की वहिनी उचलते. "बाबा झोपलेत, ताई." कधीही करा, झोपलेले! माझ्या बापाला माझ्यापासून लपवून ठेवलंय, दुसरं काय.

आणि आता हा खेळ. माझ्याच कंपनीत, माझ्याच नाकासमोर. टोमणा मारायची काय तऱ्हा आहे! खासगी व्यक्ती — काढून टाकली.

१० जून

भांडी घासली. सगळी. स्वच्छ असलेलीसुद्धा.

१३ जून

खारूताई परत आली! त्याच फोनवरून. या वेळी नवा प्रश्न — "हिला किल्लीचा आवाज ओळखता येतो का?" येतो. दुकानात बाबांच्या मागे बसून, डोळे मिटून सांगायचे — ही कपाटाची, ही सायकलची, ही पेटीची. बाबा गिऱ्हाइकांना हाताला धरून सांगायचे, "बघा बघा, आमची पोरगी बघा!"

हे सारं आत्ता आठवून काय करू? काढून टाकली.

१७ जून

परत. मी काढते, तो घालतो. दादाला दुसरा उद्योग नाही बहुतेक.

पण आज उत्तरं नीट वाचली. जिवंत आहे का — माहीत नाही.

सख्खा भाऊ. बहीण जिवंत आहे का — माहीत नाही!

न राहवून मेसेज केला. "मी जिवंत आहे. माहिती नसेल तर कळवते." त्याचं उत्तर आलं — "हे काय मध्येच? घरी ये एकदा. बाबांबद्दल बोलायचंय, फोनवर नको." वा. आधी टोमणे, मग आमंत्रण. वाटणीचं बोलायचं असेल. दुकानाची जागा विकायला निघाला असेल, माझी सही हवी असेल. नाहीच जाणार.

खारूताई काढून टाकली.

२० जून

डबा खायला चष्मेवाल्याशेजारी बसले. मशीनचं आतलं सगळं हाच बघतो. चांगला आहे, फक्त विचारलं एक की सांगतो दहा. त्याला म्हटलं, लोक चुकीची उत्तरं देतात, तरी हे मशीन ओळखतं कसं? म्हणाला, "तुमच्या जुन्या नियमांत एक उत्तर चुकलं की माणूस बाद व्हायचा. आता तसं नाही करत. बाद कुणालाच करायचं नाही, फक्त गुण कमी करायचे. बाकीची उत्तरं जुळली की तो माणूस आपोआप वर येतो."

माझे जुने नियम कडक होते, हे त्याने हसत हसत ऐकवलं. ऐकून घेतलं. कडकच हवेत. एकदा चुकलेल्याला किती वेळा वर येऊ द्यायचं?

२३ जून

आज कळस झाला. खारूताई पुन्हा यादीत. नात्यातली आहे का — माहीत नाही.

पहिल्यांदा "हो" होतं. मधल्या खेळांत कधी "हो", मग "नाही", मग "हो". आणि आता माहीत नाही. मी कितीतरी वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसले. दादा, तू मला शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं रे. भांडलास तर निदान बहीण म्हणून भांडतोस. हे काय? मी कोण आहे तेच माहीत नाही?

बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि चष्मेवाल्याकडे गेले. म्हटलं, हा एक फोन कायमचा बंद करायचा. त्याने त्या फोनवरचे सगळे खेळ उघडून पाहिले. म्हणाला, "विचित्र खेळाडू आहे. रोज सकाळी येतो. एकच माणूस मनात धरतो. एकेका प्रश्नाला पाच-पाच मिनिटं घेतो. आणि कालचं उत्तर आज बदलतो. पण त्रास देणारा वाटत नाही हो. त्रास देणारे भराभर दाबतात." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत कोण कसा त्रास देतो ते.

त्याने खांदे उडवले. बंद केला.

२४ जून

आज यादीत खारूताई नाही. बरं वाटायला हवं होतं.

२६ जून

वहिनीचा फोन. तिने आपणहून केलेला पहिलाच. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, आवाज कडक ठेवला.

"ताई, तुमच्या कंपनीचा तो खेळ बंद पडलाय का? उघडतच नाही. बाबा कालपासून जेवले नाहीत."

बाबांचा काय संबंध, मी विचारलं. ती म्हणाली, "ह्यांनी मला सांगू नको म्हटलं होतं. बाबांनीच शपथ घातली होती, पोरीला कळता कामा नये म्हणून. बाबांना आता आठवत नाही, ताई. किल्ल्या चुकायला लागल्या तेव्हापासूनच सुरू झालं. तुमचा फोन आला की ते घाबरतात — कोण बोलतंय ते कळलं नाही तर? म्हणून मी झोपलेत म्हणते."

आणि खेळ?

"तुमच्या कंपनीचा म्हणून ह्यांनी दाखवला. तीनच बटणं, जमतात त्यांना. तुम्हाला मनात धरतात. नाव येत नाही, पण भांडी आठवतात, किल्ल्या आठवतात. शेवटी खेळ नाव सांगतो, खारूताई. मग दिवसभर आनंदात असतात, ताई. पण मधूनमधून तो नाव विसरतो. मग आम्ही परत शिकवतो. असा कसा हो खेळ, सारखा विसरतो?"

मी जिन्यात बसले. काय सांगू तिला? खेळ विसरत नव्हता.

वर जाऊन चष्मेवाल्याला म्हटलं, तो फोन सुरू करा. खारूताई मी स्वतःच्या हाताने यादीत घातली. सगळे प्रश्न, सगळी उत्तरं. नात्यातली आहे का — हो, असं लिहिलं. साहेबांनी विचारलं तर विचारू देत.

२७ जून

दादाकडे गेले. दार त्यानेच उघडलं. माझ्या हातातली पिशवी घेतली.

बाबा खिडकीपाशी फोन घेऊन बसले होते. मला पाहून पाहुण्यासाठी सरकतात तसे सरकले. मी शेजारी बसले. भांड्यांच्या प्रश्नाला हो, लगेच. किल्लीच्या प्रश्नाला हो. नात्यातली आहे का — फार वेळ थांबले. मग माहीत नाही दाबलं.

तरी मनकवड्याने ओळखलं. बाबांचा चेहरा असा खुलला! फोन माझ्यापुढे धरला.

"बघा बघा, ही आमची. फार गुणी पोरगी. तुम्ही ओळखता का हिला?"

"थोडंफार," मी म्हटलं.