डावा कौल आणि रंगूबाई

३ फेब्रुवारी
कौल डावा पडला. आधी सुनीलने फोनवर सांगितलं, मग त्यांच्या कापडे गावच्या सदू गुरवानेही तेच – "पाकळी डावीच गेली, भाऊ." म्हणजे देवीचा नकार.
सुनील माझ्या धाकट्या भावाचा वर्गमित्र. त्याची बायको श्रुतिका, वय एकतीस, दोन्ही किडन्या गेल्या. महाडला खोली घेऊन राहते, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सुनीलला साखर, तिच्या माहेरी किडनी देण्याजोगं कोणी उरलं नाही. सासू रंगूबाई स्वतःहून पुढे आल्या, चाचण्या जुळल्या. मुंबईला निघण्याआधी कौल लावला – आणि हे! भावकीच्या लेखी विषय संपला.

५ फेब्रुवारी
कापड्याला जाऊन आलो. रंगूबाई वालाच्या शेतात. बाई खचली असेल असं धरून चाललो होतो. कसली! शेंगा तोडता तोडता मलाच विचारलं, चहा झाला का. कौलाचं काय, म्हटलं.
"देवीला इचारलं, सोमवारी जाव का. ती नाय म्हनली. मग बुधवारी जाऊ. किडनी देऊ का, ह्ये इचारलंच नव्हतं रे. ते माझं मी ठरवलंय."
चुलत दीर भागोजी बांधावर बसले होते. म्हणाले, वहिनीने देवीलाही अर्धंच सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, भावजी, अर्धं माझं होतं.
वीस वर्षं बातम्या लिहितोय. 'इच्छुक' हा शब्द शेकडो वेळा छापला, बहुतेक निवडणुकीच्या तिकिटासाठी. असा इच्छुक आज पाहिला.

६ फेब्रुवारी
छापू का, विचारलं. सुनील नको म्हणाला. म्हणून इथेच.

११ फेब्रुवारी, बुधवार
गेल्याच. सासू कायद्याने जवळची नातेवाईक नाही, म्हणून अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे जबाब, कॅमेऱ्यासमोर. संध्याकाळी रंगूबाईंनीच फोनवर सांगितलं. दबाव आहे का, पैसे मिळणार का, नाही म्हणालात तर घरी कोणी बोलेल का – फिरवून फिरवून तेच. ह्यांनी सांगितलं, उलट देते म्हणूनच बोलतायत घरी! मग एक डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, आत्ता नाही म्हणा, आम्ही घरी 'जुळत नाही' एवढंच सांगू.
"तवा भ्याले बघ. तोवर सगळी अडवीत होती, मी रेटीत होते. आता कोनीच अडवंना. जरा बसले. मग म्हनलं, देते."


१६ फेब्रुवारी
मंजुरी आली. ऑपरेशन २४ ला. वालाची राखण भागोजींनी पत्करली!

१८ फेब्रुवारी
श्रुतिका नाही म्हणते.
डायलिसिसनंतर बाहेरच्या बाकावर भेटली. आवाज अगदी शांत. "आईंना सगळ्यांनी इचारलं. घेनार मी. मला कोनी इचारलं, भाऊ? त्यांचं मन मोठं हाय, पन ते जलमभर मला वागवायचंय."
मीही नाही विचारलं. ह्या वहीत तिचं नाव आलं ते आजारासकट, तेवढंच.
सुनील फोनवर आईला म्हणाला, तू तिची समजूत घाल. रंगूबाईंनी तिकडून साफ सांगितलं.
"समजूत नाय घालनार. इचारनार."
उद्या पहिल्या एसटीने महाडला येतायत.