हिअर आणि लिसनचा धडा

४ जून, सकाळी ७
सहाला उठलो. चहा केला, जास्त झाला. हिचा इंग्रजीचा क्लास परवापासून मी चालवणार. विद्यार्थिनी दोनच, एक नर्स, एक शिंपीण. परीक्षा पंधरा दिवसांवर. हिला जाऊन महिना झाला, पण त्यांचं नुकसान कशाला? एकतीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनचे रिपोर्ट इंग्रजीतच लिहिले. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, झेपेल का?" न झेपायला काय झालं.

५ जून
हिच्या वहीतला पुढचा धडा, 'हिअर' आणि 'लिसन' यांतला फरक. आपोआप कानावर पडतं ते हिअर, लक्ष देऊन ऐकतो ते लिसन. पाच मिनिटांचं काम.

६ जून
दीड तास बोललो. शिंपीणबाई मध्येच काहीतरी विचारत होत्या. शेवटी विचारा म्हटलं. शेवटी वेळ उरला नाही. एकंदरीत छान.

८ जून
शिंपीणबाई आल्या नाहीत. शाळांचे युनिफॉर्म शिवायचे असतील.
नर्सकडे उदाहरण मागितलं. तिने मॅडमचंच दिलं. "माय हजबंड हिअर्स मी. ही डझ नॉट लिसन." दर बॅचला हेच असायचं म्हणे, आणि सगळ्या हसायच्या.
वाक्य बरोबर. माहिती चूक. मी हिचं सगळं ऐकायचो.

९ जून
खात्रीसाठी मुलीला फोन केला. म्हणाली, "आई जानेवारीपासून सांगत होती, पोटात दुखतंय. तुम्ही म्हणायचात, ॲसिडिटी आहे, गोळी घे."
पोरगी राईचा पर्वत करते. मार्चमध्ये सांगितलं, मार्चमध्येच डॉक्टरकडे नेलं.

११ जून
निश्चय: आज आपण कमी बोलायचं.
नर्स एकटीच आली. म्हणाली, "सर, मॅडमना तपासून घ्या म्हणून मी मागेच..." मी अडवलं. क्लासमध्ये इंग्रजीतच बोलायचं, हा हिचाच नियम.
मग तिने इंग्रजीत सांगितलं. मॅडम म्हणाल्या होत्या, घरी सांगून झालंय, आता पुन्हा सांगायचा कंटाळा आलाय.
एकही चूक नव्हती.

१२ जून, दुपारी ४
नर्सचा निरोप. ड्यूटी बदलली, येणं जमणार नाही. शिंपीणबाईंनी दुसरा क्लास लावलाय. म्हणजे क्लास बंद झाला असं नाही. तूर्त सुट्टी.
डॉक्टरांची फाइल काढली. पहिल्या कागदावर तारीख एप्रिलची आहे.
मग दूध तापत ठेवलं, आणि उतू जाऊ नये म्हणून शेजारी उभा राहिलो.