आधार गाडीतली पुढची शीट

४ नोव्हेंबर, मंगळवार
आजपासून रोज लिहायचं. चौथीपर्यंत शिकले ते वाया घालवायचं न्हाई. हे कुणी वाचू नये. निदान सोजराबाईनं तरी वाचू नये, पर तिला वाचताच येत न्हाई, म्हंजी ती काळजी मिटली.

गावात गाडी आली. पांढरी, कोरी करकरीत. रांजणगावच्या कुठल्याशा कंपनीनं दिली. म्हाताऱ्यांसाठी, आन् ज्यांना चालाय-दिसाय येत न्हाई त्यांच्यासाठी. फुकट. मंगळवारी शिरूर, शुक्रवारी दौंड. नाव ‘आधार गाडी’. मागं एक फळी हाय, ती खाली सोडली की माऊलीआप्पांची चाकाची खुर्ची थेट आत. आप्पा कित्येक वर्षांत वेशीबाहेर गेले न्हवते. आत गेले आन् रडाय लागले. मला पण रडू आलं, पर मी आवरलं, कारण नारळ माझ्या हातात येणार होता.

आला न्हाई. सरपंच म्हणले, सोजराबाई फोडतील, त्या सगळ्यात ज्येष्ठ. ज्येष्ठ कसली! आमच्या शेजारची सोजराबाई, वॉकर घेऊन चालती, पर जीभ बिनवॉकरची पळती. नारळ फोडला आन् थेट पुढच्या शीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. वऱ्हाडाच्या गाडीत पुढं कोण बसतं? मानाचं माणूस. लहान लेकराला पण ठावं हाय.

बदला घेणार. शांतपणानं. माझा स्वभावच शांत हाय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
माझी नेमणूक झाली! ज्ञानेश म्हंजी गाडीचा ड्रायव्हर. आधी कंपनीची बस चालवायचा, मग तिथंच पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर गेला आन् दोन बोटं घालवून बसला. गुणाचा हाय. म्हणला, मावशी, आपल्या गाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी आवाजात बातम्या सांगा. बयाबाईला दिसत न्हाई, आप्पांना वाचवत न्हाई. तुमचा आवाज खणखणीत.

म्हणजे गावाला कळलं तर, मान कुणाचा ते.

आज पहिल्या बातम्या दिल्या. एक, मंगळवारी शिरूरच्या सरकारी दवाखान्यात अपंग दाखल्याचे डॉक्टर येणार. दोन, एसटीच्या सवलतीला आधार कार्ड सोबत ठेवा. तीन, ज्याला दौंडला काय पाठवायचं असंल, डबा म्हणा, भाजी म्हणा, त्यानं पिशवी सकाळी गाडीत पुढच्या शीटवर ठेवून जावं. माणूस न्हाई आलं तरी चालंल, ज्ञानेश पिशव्या वळखतो, बरोबर पोचवतो. हे मीच सुचवलं. चार, काल सोजराबाई वॉकर बाजूला ठेवून चिंचा पाडताना दिसल्या.

चौथी बातमी ज्ञानेशनं काढाय लावली. खरी होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार
पुढची शीट घेतली! कशी घेतली ते लिहून ठेवते. ज्ञानेश काच पुसत होता. मी खिडकीतून माझी पिशवी आत टाकली, बरोबर शीटवर. एसटीत आयुष्य गेलं माझं, रुमाल पडला की शीट आपली, मग पायरीवर कलेक्टर उभा असंना का. सोजराबाई आली, पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणली, धुरपदाबाई, मला मागं बसून गाडी लागती. मी म्हणले, मला पण लागती, पुढचीच लागती. आप्पा खो खो हसले.

शिरूरपत्तुर राणीवानी गेले. उसाचे ट्रॅक्टर बाजूला सरकत होते.

तीच तारीख, संध्याकाळ
येताना ती माझ्या बरोबर मागं बसली. आन् न्हावऱ्याच्या अलीकडं माझ्या पाठीवर, मानेवर, अंबाड्यावर. सकाळचं पोहं.

मुद्दाम केलं. ज्ञानेश म्हणतो उलटी मुद्दाम होत न्हाई मावशी. त्याला काय कळतंय, त्याला सोजराबाई कुठं ठाऊक हाय. चाळीस वर्षं शेजार हाय माझा. ती काय पण मुद्दाम करू शकती.

१२ नोव्हेंबर, बुधवार
केस तीनदा धुतले. सकाळच्या बातम्यांत शपथ घेतली: ज्या गाडीत सोजराबाई, त्या गाडीत धुरपदा पाय ठेवणार न्हाई. सगळ्या ग्रुपनं ऐकलं. पाच जणांनी अंगठा पाठवला. म्हंजी पाठिंबा हाय.

सूनबाई म्हणली, आत्या, अंगठा म्हंजी फक्त ऐकलं. सुवर्णा हुशार हाय, पर तिला राजकारण कळत न्हाई.

आता माझ्याबिगर गाडी रिकामी पळंल. मग सरपंच येतील हात जोडून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
गाडी भरून गेली. बयाबाईला मी अडवलं होतं. म्हणली, बाई, मला डोळ्यात थेंब घालायला जायचंय, तुझ्या भांडणाला न्हाई. तिला दिसत न्हाई म्हणून तिला वातावरण कळत न्हाई.

१७ नोव्हेंबर, सोमवार
नात झाली! नात झाली! नात झाली!

माझ्या लेकीला, सारिकेला, दौंडला. लग्नाला नऊ वर्षं झाली व्हती. मी देवाशी भांडायचं बंद केलं होतं, तवा त्याला जाग आली. खरं तर बाळंतपण माहेरी, हितंच व्हायचं. पर डॉक्टर म्हणले हलायचं न्हाई, म्हणून सासरीच. फोनवर पोरीचा आवाज ऐकला. आवाज माझ्यावर गेलाय. बातम्या देणार मोठी होऊन.

बारसं बाराव्या दिवशी, म्हंजी अठ्ठावीसला, शुक्रवारी. सारिका म्हणली, आई, पाळण्यात तूच घालायचं बरं का. मी म्हणले, मग काय शेजारीण घालंल?

१८ नोव्हेंबर, मंगळवार
गावभर पेढे वाटले. सोजराबाईच्या दारावरून ताट मिरवत नेलं, आन् दिलं न्हाई. तिला बसू दे दारात बघत. असा बदला घ्यावा, हात न लावता.

रात्री कळलं, सुवर्णानं तिला मागच्या दारानं पाव किलो नेऊन दिलं. घरातच फितुरी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आज गाडी दौंडला गेली. मी गेले न्हाई. शपथ म्हंजी शपथ. सुवर्णा स्कूटीवर डिंकाचे लाडू घेऊन गेली, फोटो काढून आणला. कपाळ माझं हाय पोरीचं. फोटोवर बोट फिरवलं तर फोटोच निघून गेला, दुसराच आला, कुणाच्या तरी म्हशीचा.

बारशाला सारिकेनं सगळ्या गाडीला बोलावलंय, सोजराबाईला पण. मी एसटीनं जाणार. गाडी काय एकटी हाय का जगात.

२४ नोव्हेंबर, सोमवार
फाट्यावर एसटीची प्रॅक्टिस केली. मी काय अपंग न्हाई, माझे गुडघे जरा बोलतात एवढंच. पर पायरी अशी उंच केलीय की कुणाला चढवायचीच न्हाई. कंडक्टर म्हणला, आजी, आवरा. मी म्हणले, आवरते. तवर एसटीनंच आवरलं, निघून गेली. पायरीचं डिझाईन चुकलंय. उद्याच्या बातम्यांत घेणार.

मोटरसायकलवर बसून बघितलं, संपतच्या मागं. माझा मुलगा. गुडघा मुडपला तो दोघांनी धरून सरळ केला. संपतला बारशाच्या दिवशी पहिली पाळी, सुट्टी न्हाई, कंपनीतून थेट येणार. म्हणला, आई, आधार गाडीनं ये, नाटकं करू नको.

नाटकं! तत्त्व हाय ते.

२६ नोव्हेंबर, बुधवार
झबलं शिवून झालं. पिवळं, टोपड्याला लाल गोंडा. हातानं शिवलं, दोन्ही चष्मे लावून.

विचार केला. मी शपथ घेतली ती सोजराबाई पुढं बसलेल्या गाडीची. ती मागं बसली तर शपथ लागू न्हाई. म्हणून पुढची शीट परत घ्यायची. हिरवी पिशवी, खिडकी, झालं. या खेपेला मागं प्लास्टिकचा कागद पाठीला बांधून बसणार. पाळण्यात घालून येणार, सोजराबाईला जाता-येता माझा अंबाडा दाखवणार. सगळं ठरलं.

शपथेचा हा खुलासा बातम्यांत द्यायची गरज न्हाई. शहाण्याला समजतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी
उजाडायला मारुतीच्या देवळापाशी गेले. गाडी उभी, ज्ञानेश पाणी आणाय गेलेला. सोजराबाईचा पत्ता न्हाई. पिशवी खिडकीतून टाकली, बरोबर पुढच्या शीटच्या मधोमध. आत झबलं-टोपडं, चांदीचे वाळे, चष्मा, फोन. शीट माझी.

आता घरी येऊन इरकल नेसतेय. सगळ्यात शेवटी जाणार, सगळे बसल्यावर. माझी चाल बघायला माणसं पाहिजेत. सुवर्णा पुढं गेली स्कूटीवर. चहा पण घेते. पिशवी आत हाय म्हणल्यावर कसली घाई.

हॉर्न वाजतोय. वाजू दे. मानाचं माणूस हॉर्नवर धावत न्हाई.

तीच तारीख, थोड्या वेळानं
गाडी गेली.

मारुतीपाशी कुत्रं बसलंय फक्त. फोन पिशवीत. इंद्रजीतच्या किराणा दुकानात गेले, त्याचा फोन घेतला, माझाच नंबर लावला. माझा नंबर मला पाठ हाय. खूप वाजला. मग उचलला सोजराबाईनं!

म्हणली, कोण? मी म्हणले, जिचा फोन हाय ती. म्हणली, अहो धुरपदाबाई, पिशवी मिळाली हां. तुम्ही शपथ घेतलेली, येणार न्हाई म्हणून, मग ज्ञानेश म्हणला पोचवायला ठेवली असंल, तुम्हीच सांगितलं व्हतं ना, पिशवी पुढच्या शीटवर ठेवा, माणूस न्हाई आलं तरी चालंल. तरी त्यानं दोनदा हॉर्न दिला. मी मांडीवर घेऊन बसलेय. मग म्हणली, यायचंय का तुम्हाला? अजून मांडवगण आलं न्हाई. फिरवू का गाडी माघारी?

तिकडं सगळी गाडी कान देऊन ऐकत होती. हिकडं इंद्रजीतनं साखर मोजायची थांबवली.

मी म्हणले, मी कशाला येऊ? पिशवीच पाठवलीय.

म्हणली, खरं का? आप्पा पण मागून ओरडले, धुरपदे, सांग अजून, फिरवतो.

मी म्हणले, पिशवीच पाठवलीय म्हणते ना. नीट पोचवा. आन् फोन ठेवला.

बरोबर केलं. तिच्या उपकारानं बारशाला जाण्यापेक्षा न गेलेलं बरं. तिला चांगलंच लागलं असंल.

तीच तारीख, दुपार
इरकल अजून सोडली न्हाई. एसटी आली तर जाईन म्हणून फाट्यावर बसले होते. दोन आल्या. पायरी तेवढीच उंच. दुसऱ्या कंडक्टरनं हात दिला, पर मागून एक माणूस म्हणला, म्हातारीला धक्का द्या. मी म्हणले, मला जायचंच न्हाई, मी हितं सहज बसलेय.

आता पाळणा म्हणत असतील.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी वॉकर टकटक करत सोजराबाई दारात. खांद्याला माझी हिरवी पिशवी. मी बस म्हणले न्हाई. ती बसली.

पिशवीतून एकेक काढत गेली. फोन. चष्मा. खण, नारळ, पेढे. म्हणली, सारिकेनं पाळण्याशेजारी खुर्ची ठेवली व्हती, आईसाठी म्हणून. तुम्ही न्हाई म्हणल्यावर रडाय लागली. बाळंतिणीनं रडू न्हाई. मग मीच म्हणले, आईनं पिशवी पाठवलीय, म्हंजी आईच आलीय. पिशवी ठेवली खुर्चीवर. सवाष्णींनी हळदकुंकू लावलं तिला. ओटी भरली. हा खण तुमच्या पिशवीचा.

मी विचारलं, पाळण्यात कुणी घातलं?

सोजराबाई पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणली, शेजारीण म्हणून मीच.

झबलं बसलं का, विचारलं. म्हणली, अंगासरशी. गोंडा तोंडात घालून झोपली गुलामीण. नाव ठेवलं राजनंदिनी.

मग वॉकर धरून उठली, दारात वळली. म्हणली, धुरपदाबाई, तुमची पिशवी लई गुणाची हो. दौंडपत्तुर पुढं माझ्या मांडीवर बसली, एक शब्द बोलली न्हाई.

गेली. मला उत्तर सुचलं, पर तवर ती तिच्या घरात होती.

फोनवर सारिकेचा फोटो आलाय. खाली लिहिलंय, आई, पिशवी आली, तू का न्हाई आलीस? फोटोत सगळे दाटीवाटीनं मागं उभे. आप्पा खुर्चीत, बयाबाई, ज्ञानेश, संपत, सुवर्णा. सोजराबाई पार कोपऱ्यात, निम्मीच दिसती. आन् सगळ्यांच्या पुढं, पाळण्याला खेटून, कुंकू लावून, ताठ बसलेली.

पुढची शीट मिळाली. पिशवीला.