पोचल्याचा फोन

आई, माझा मुलगा रजा अर्धी टाकून सीमेवर गेला त्याला आज चार दिवस झाले. तिकडे लढाई पेटली आहे आणि पोचल्याचा फोन अजून नाही. काल दुपारी इथे काशीत हवाई हल्ल्याच्या भोंग्याची तालीम झाली. भाजीवाली म्हणाली, "अम्मा, डरिए मत, ई तो झूठमूठ का है." मी घाबरले नव्हते. मला नुसतं बसवत नव्हतं. फोन उचलते, ठेवते, पुन्हा उचलते. बाहेरच्या खोलीचा केरही कालपर्यंत काढू दिला नव्हता. घरचं माणूस गावाला निघालं की पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही, ही तुझी रीत. माझी शाळा सातवीत सुटली, पुढे आपली आपण वाचत राहिले, हे गेल्यावर तर पुस्तकांचीच सोबत. एवढं वाचूनही ती रीत सुटली नाही.

दादा बांगलादेशच्या लढाईत होता तेव्हा मी बारा वर्षांची. खिडक्यांना काळा कागद, खोलीत पंधरा दिवसांची धूळ. तू अमृतराव घाटावर स्नानाला गेलीस आणि मी केरसुणी घेतली. ओलं लुगडं खांद्यावर टाकून तू दारात उभी राहतेस, जमिनीकडे बघतेस. "भाऊ जड झाला का तुला?" एवढंच. आठवड्याने दादाचं पत्र आलं, पुढे दादाही आला. ते वाक्य मात्र तू मागे घेतलं नाहीस.

आज सकाळी सुनेने केर काढला. मी तोंड उघडलं तर तुझंच वाक्य जिभेवर. गिळलं, पण तिला कळलं. म्हणाली, "बोला ना आई. रागावून तरी बोला. मुलगा तुमचा आहे, पण ते माझे कुणी नाहीत का? चार दिवसांत जेवलीस का म्हणूनसुद्धा विचारलं नाहीत."

तू होतीस तोवर तुला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी काही धूळ बघवेना म्हणून केर काढला नव्हता. दादा गेल्यापासून तू माझ्याकडे पाहिलंच नव्हतंस. रागावलीस तरी चालेल, असं वाटलं होतं.

सून आत एकटी कणीक मळते आहे, परातीचा आवाज इथवर येतो. मी उठून तिच्याजवळ जायला हवं. जात नाही, तुला लिहीत बसले आहे, कारण तू उलट काही विचारणार नाहीस.