एकदा खरं विसरलो, चाळीस वेळा खोटं

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. इतरांच्या मृत्युपत्रांत हे वाक्य रिवाज म्हणून येतं. माझ्या बाबतीत ते सिद्ध करावं लागेल, कारण मला विसरताना लाखो लोकांनी पाहिलं आहे.

कलम १. राहतं घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या आणि रस्त्याकडचं दुकान, माझ्या धाकट्या मुलीला. अकरा वर्षं तिनेच मला आणि दुकानाला सांभाळलं. थोरल्या मुलाने घर बांधलं तेव्हा त्याच्या आईचे सगळे दागिने त्याला दिले. त्याचा वाटा तेव्हाच पोचला. हे सांगितलं तेव्हा तो याच टेबलाशी उभा राहून म्हणाला, "खुशाल लिहा, बाबा. तुमचं डोकं ठिकाणावर नाही, हे मी कोर्टाला मोबाइलवर दाखवीन." म्हणून पुढचं कलम.

कलम २. मशीन उघडताना शाळेतल्या कविता म्हणायची माझी जुनी सवय. चौथीच्या वर्गात खडूची धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत असे आणि बाई चाल लावून म्हणत. ती चाल अजून पायडल मारताना पायात उतरते. मुलगी त्याचे व्हिडिओ करून आमच्या चॅनलवर टाकू लागली. दोनशेच्या वर कविता झाल्या. पाहणारे कधी तीस, कधी बारा, त्यांत एक मी.

मग एकदा हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, आवडीची कविता म्हणताना पुढची ओळ खरोखरच आठवेना. हिला जाऊन महिना झाला होता. मशीनचं शटल, खालच्या दोऱ्याचं, हातात धरून मी तसाच बसलो, डोळे भरले. मुलीने ते तसंच टाकलं. याला आठवतंय की नाही हे पाहायला लोक शेवटपर्यंत थांबले. लोक थांबले म्हणून अल्गोरिदमने ते आणखी लोकांपुढे धरलं. पुढच्या आठवड्यात तीच कविता मी अखंड म्हटली. ती चौदा जणांना दिसली.

"बाबा, तुम्हाला आठवलं की माणसं पळतात," मुलगी म्हणाली.

"मग काय, विसरू?" मी गमतीने म्हटलं.

ती हसली नाही. दुकानात तीन दिवस गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

त्यानंतर मी चाळीस वेळा विसरलो. कुठल्या ओळीवर अडखळायचं ते आदल्या दिवशी ठरवत असे. मुलीला ठाऊक होतं, पण दोष माझा. लांबून लांबून गिऱ्हाईक येऊ लागलं, हेही खरं. तरी लिहून देतो: पहिलं विसरणं खरं, पुढची चाळीस सोंगं. हे व्हिडिओ काढून टाकू नयेत. प्रत्येकाखाली हेच वाक्य लिहावं.

कलम ३. हत्यारं मुलीला. बारका पेचकस सहा वर्षं समोरच्या शिंप्याकडे आहे. परवा मागितला तर म्हणतो, "काका, तो मी केव्हाच परत दिला. तुम्ही विसरलात." हल्ली सगळ्या गल्लीला हे उत्तर सोयीचं झालं आहे. पेचकस त्याला बक्षीस.

कलम ४. बँकेतली शिल्लक दोघा मुलांत निम्मी-निम्मी. थोरल्याबद्दल मनात आकस नाही. लहानपणी तो माझ्या कविता ऐकत मशीनखालीच झोपी जायचा.

कलम ५. एका बाईंनी आम्हाला लिहिलं होतं, "माझी आई मला ओळखत नाही. पण तुम्ही अडखळलात की तिचे ओठ हलतात. आम्ही दोघी रोज तुम्हाला पाहतो." त्या दिवसापासून मी सोंग केलेलं नाही. मागच्या महिन्यात कॅमेऱ्यापुढे सगळं कबूल केलं, न रडता. ते एकोणीस जणांना दिसलं. ज्या अल्गोरिदमने माझी लबाडी लाखो घरांत पोचवली, त्याने कबुली आमच्याच उंबऱ्यावर ठेवली. त्याला काय बोल लावू? त्याला काय हवं ते ओळखून मीच तसा वागत गेलो.

मुलगी म्हणाली, "सगळ्यांना कळलं तर चॅनल बसेल, बाबा. दुकानही."

"आणि नाही कळलं तर कोर्टात तुझं घर जाईल."

तिने हातातली सुई पुसून ठेवली. मग म्हणाली, "पहिलं कोणाला लिहू?"

तेव्हा माझी इच्छा अशी की, ज्यांनी ज्यांनी आपल्या आईबापांचं दुखणं आम्हाला सांगितलं, त्या प्रत्येकाला तिने एकेक करून खरं कळवावं. त्या बाईंना मी स्वतः लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. आलं, तर ते कसंही असो, या कागदाला जोडावं.

सही: मशीनवाले काका
ठिकाण: राहतं घर, कामाचं टेबल
दिनांक: महिन्याचा दुसरा मंगळवार, सकाळी अकरा

साक्षीदार पहिले, छापखान्याचे मालक: माझ्यासमोर सही केली. हात कापला नाही.

साक्षीदार दुसरे, डॉक्टर: मी यांना तासभर प्रश्न विचारले. सगळी उत्तरं बरोबर आली. "थोरल्या मुलाला शेवटचं जवळ कधी घेतलंत?" यावर ते थांबले आणि म्हणाले, "आठवतंय. सांगणार नाही." माझ्या मते हे विसरणं नव्हे.