पंधरा डेसिबलची दुरुस्ती

३ मार्च, सोमवार

आज पाच कामगारांचे कान तपासले. पाचही जणांचे बिघडलेले! मागच्या वर्षीच्या कार्डांवर पाचही ठणठणीत. मशीन तेच, आवाजबंद खोली तीच, हेडफोन तेच. बदललंय फक्त लॉगिन. मोठ्या बाई गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या आणि एक तारखेपासून कारखान्याचा हुकूम आला — दवाखान्यात ज्याने त्याने स्वतःच्या नावाने कॉम्प्युटर उघडायचा. अकरा वर्षं आम्ही दोघी बाईंच्याच लॉगिनवर काम करत होतो.

पण माझ्या नावाने लोकांचे कान कसे बिघडतील?

४ मार्च, मंगळवार

सकाळी हेडफोन स्वतःला लावून पाहिले. हे रोजचंच; बाईही मशीन आधी स्वतःच्या कानाला लावून बघायच्या. मला शून्य डेसिबललाही, म्हणजे अगदी बारीकात बारीक, आवाज लागतो. त्याचा गुपचूप अभिमानही आहे. आज पंधरापर्यंत काहीच नाही!

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "हात्तिच्या! म्हणजे माझं बोलणं तू मुद्दाम टाळत नव्हतीस तर!" हसले. मग आतल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि मनगटावरचं घड्याळ कानाशी धरून बसले. टिकटिक ऐकू येते. की आठवते? कळेना.

५ मार्च, बुधवार

क्रेनवाले दादा आले होते. बावीस वर्षं छताखालच्या त्या केबिनमध्ये बसून लोखंडी पत्र्याची भेंडोळी उचलतात. खालून कोणी ओरडलं तर वर ऐकू यायलाच हवं, म्हणून क्रेनला चाळीसची मर्यादा; त्याहून मोठा आवाज लागला तर नापास. आवाज लागला की बोट वर करायचं. काचेतून बघत होते. दादांचं बोट पन्नासला वर झालं. पुन्हा घेतलं. पन्नासच. गेल्या वर्षी पस्तीस!

"बाई, खालचा माणूस 'थांब' म्हणाला आणि मी थांबलो नाही, असं एकदा तरी झालंय का?"

"नाही."

"मग?"

कार्डावर 'निर्णय राखून ठेवला' असं लिहिलं. तोवर त्यांना गोदामात बसवलंय. जाताना म्हणाले, "वरून उतरवलंत की मी नुसता म्हातारा उरतो हो." माझ्या एका सहीवर माणसाचं वय ठरतं!

६ मार्च, गुरुवार

कॉम्प्युटर विभागातल्या काकांना बोलावलं. चिडकेच, पण माणूस हुशार. मी म्हटलं, प्रोग्रॅम तर एकच आहे ना? मग बाईंच्या नावाने एक आकडा आणि माझ्या नावाने दुसरा, असं कसं?

"प्रोग्रॅम म्हणजे स्वयंपाकघर. सगळ्यांचं एकच. तो 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये राहतो. मीठ मात्र ज्याने त्याने आपल्या ताटात घ्यायचं. ती सेटिंग. ती ज्याच्या त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये."

"मग मला दिसत का नाही?"

"लपवलेल्या फोल्डरमध्ये असते."

"कोणी लपवली?"

"अहो, कोणी नाही! तो फोल्डर जन्मतःच लपलेला असतो."

त्यांनी उघडून दाखवला. बाईंच्या फोल्डरात या प्रोग्रॅमची एक छोटीशी फाइल. तिच्यात एक ओळ — दुरुस्ती: उजवा पंधरा, डावा पंधरा. फाइल नऊ वर्षांपूर्वीची. माझ्या फोल्डरात त्याच ओळीत शून्य, शून्य.

म्हणजे बाईंनी मशीनचा आवाज पंधराने चढवून ठेवला होता आणि पडद्यावरचा आकडा तसाच राहत होता. मशीन कमी आवाज देत असणार, म्हणूनच ना? मग माझ्या चार दिवसांच्या तपासण्या चूक. की नऊ वर्षं चालत आलेली गोष्ट केवळ चालत आली म्हणून बरोबर? डोक्याचा भुगा झालाय.

७ मार्च, शुक्रवार

बाईंना फोन केला. त्या बोलतात, आपण हूं हूं करायचं — नेहमीचं. "अगं, ते मशीन पहिल्यापासून दबकं. मीच वळण लावलं त्याला. घे ना माझी फाइल! एवढा काय जीव टांगणीला लावतेस?" ज्यांनी मला हेडफोन कसा धरायचा तेही शिकवलं, त्यांच्यावर शंका घेणारी मी कोण?

फाइल उचलून माझ्या फोल्डरात ठेवली. दादांना गोदामातून बोलावलं. पस्तीस! सही केली. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. सोमवारचे पाचही जण पुन्हा तपासले, सगळे ठणठणीत. मलाही शून्याला ऐकू आलं. किती हायसं वाटलं!

९ मार्च, रविवार

पंधराच का? बारा का नाही, वीस का नाही? हे बाईंना विचारलंच नाही. सुचलं नाही, की विचारायचं नव्हतं?

१३ मार्च, गुरुवार

मशीनचं माप तपासणारे गृहस्थ आले. वर्षातून एकदा येतात, आपला लॅपटॉप मशीनला जोडतात, शिक्का मारतात, जातात. आज विचारलं, आमचं मशीन किती दबकं आहे?

"दबकं? छे! काट्यावर आहे. दरवर्षी काट्यावरच असतं."

"मग आमच्या कॉम्प्युटरवरून बघा."

"तुमच्या कॉम्प्युटरशी माझा काय संबंध?"

हट्टच धरला. त्यांनी माझं लॉगिन उघडून हेडफोनखाली माप धरलं. पंधरा जास्त. दोनदा घेतलं. ते माझ्याकडे बघायला लागले. "हे केलंय कोणी?"

म्हणजे मशीन खरं, शिक्का खरा, माझे पहिले चार दिवस खरे. पस्तीस म्हणून लिहिलेला प्रत्येक माणूस पन्नासचा. नऊ वर्षं! त्यातली निम्मी कार्डं माझ्या हातची. दादांचं तर जाणूनबुजून माझं. आणि दादा गेल्या शुक्रवारपासून वर आहेत, खाली माणसं आहेत.

डॉक्टरांच्या खोलीपर्यंत चालत गेले की धावत, आठवत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

दादांना उतरवलं. मीच सांगायला गेले. शिव्या घालतील असं वाटलं होतं. म्हणाले, "खरं सांगू? मला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. मी खालच्याचं तोंड बघून थांबायचो. पण तुमचं मशीन दरवर्षी म्हणायचं, ऐकू येतं!"

सगळ्यांची फेरतपासणी होणार. डॉक्टरांनी विचारलं, पंधरा हा आकडा बाईंनी कशावरून काढला? बाईंना बोलावलंय.

१७ मार्च, सोमवार

बाई आल्या. काहीही न सांगता त्यांना आवाजबंद खोलीत बसवलं, माझ्या फोल्डरात शून्य ठेवलं आणि आवाज सोडत गेले. पाच, दहा, वीस, तीस. त्या काचेतून माझ्याकडे बघून हसत होत्या, बोट मांडीवर. बाहेर येऊन मायेने म्हणाल्या, "बघ, पुन्हा दबलं की नाही तुझं मशीन? चढव थोडं."